मुहूर्त काढण्यापूर्वी व्हिसाचा मार्ग ठरवा

चातुर्मास संपला, कार्तिकी पौर्णिमा झाली, की आपल्या घराघरांतून खोळंबलेल्या लग्नाच्या बोलण्यांना एकदम वेग येतो. अशाच एका सकाळी पनवेलच्या लाइन आळीतील माझे एक जुने खातेदार घरी आले. मी बँकेतून निवृत्त होऊन काही वर्षे लोटली, तरी ते मला अजून ‘साहेब’च म्हणतात. बगलेत फाईल, चेहऱ्यावर आनंद आणि थोडी धांदल.

“साहेब, मुलीचे जमले. मुलगा न्यू जर्सीत आहे. डिसेंबरात पंधरा दिवसांची रजा काढून येतो. त्यातच साखरपुडा आणि फेरे, दोन्ही उरकतो. व्हिसासाठी सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट कसे घ्यायचे, तेवढे सांगा.”

मी विचारले, “शेठ, मुलगा अमेरिकेत आहे हे खरे, पण तो तेथे कोणत्या कागदावर आहे?”

शेठ गप्प झाले. बायोडेटात मुलाची उंची होती, मूळ गाव होते, मामाचे घराणे होते, डॉलरमधील पगार होता. कंदमूळ खात नसल्याचाही उल्लेख होता. कागदाचा तेवढा नव्हता. गेल्या काही वर्षांत असे पाच-सहा बायोडेटा मी पाहिले आहेत आणि जवळजवळ प्रत्येकात हीच एक ओळ गाळलेली आढळली. म्हणून हा लेख.

‘मुलगा अमेरिकेत आहे’ या वाक्याचे तीन निरनिराळे अर्थ होतात. तो तेथील नागरिक असेल. ग्रीन कार्डधारक, म्हणजे कायम निवासाचा हक्क असलेला परदेशी असेल. किंवा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेला असेल. तिन्ही ठिकाणी मुलीचे भवितव्य वेगळे आहे. नागरिकाच्या पत्नीला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. अर्जाच्या छाननीस लागेल तेवढाच काळ थांबावे लागते. ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीला मात्र रांगेत नंबर लागतो आणि तो नंबर दरमहा प्रसिद्ध होणाऱ्या व्हिसा बुलेटिनमध्ये पाहावा लागतो. मध्यंतरी पती नागरिक झाला, तर तोच अर्ज वरच्या वर्गात जातो. एच-१बी वाल्याची पत्नी एच-४ या आश्रित व्हिसावर तुलनेने लवकर जाऊ शकते. पण तिला नोकरी करता येईलच असे नाही. मे २०१५ पासून काही एच-४ पत्नींना कामाचा परवाना मिळू लागला, तोही पतीच्या ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेतील ठरावीक टप्पा पार पडला असेल तरच. पतीची नोकरी गेली, तर बहुधा साठ दिवसांच्या आत दोघांची पुढील सोय लावावी लागते. घटस्फोट झाला, तर एच-४ चा आधारच संपतो. सी.ए. झालेली मुलगी पाठवताना हे माहीत असणे आणि नसणे, यांत फार अंतर आहे.

शेठजींनी तेथूनच फोन लावला. सुदैवाने मुलगा नागरिक निघाला. परंतु नागरिकापुढे दोन वाटा असतात आणि आपली कुटुंबे नेमकी तेथेच चुकतात.

पहिली वाट के-१ व्हिसाची, म्हणजे वाग्दत्त वधूची. लग्न अजून झालेले नाही, या गृहीतावर ती उभी आहे. अर्ज करण्यापूर्वीच्या दोन वर्षांत दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते. व्हिसा मिळाल्यावर मुलगी अमेरिकेत जाते, नव्वद दिवसांच्या आत त्याच मुलाशी तेथे विवाह करते आणि मग ग्रीन कार्डासाठी नव्याने अर्ज करते. दुसरी वाट पत्नीची. लग्न आधी, मग पतीचा आय-१३० अर्ज, मग मुलाखत. आणि मुलगी विमानातून उतरते तीच कायम निवासी म्हणून. दोन्ही वाटांना बरेच महिने, बहुधा वर्षाहून अधिक काळ लागतो.

के-१ लवकर होते असा समज आहे. मुलगी तेथे कदाचित थोडी आधी पोहोचेल. पण विवाहानंतरचा अर्ज निकाली निघेपर्यंत कामाचा परवाना वेगळा मागावा लागतो आणि पूर्वपरवानगीवाचून देश सोडला तर अर्ज बुडतो. आजी अत्यवस्थ आहे म्हणून पनवेलला धावत यावे, तर तेही चटकन जमत नाही. शिवाय शुल्क दोनदा. हा सारा हिशेब मांडल्यावर, ज्यांचे लग्न येथे गाजावाजाने व्हायचे आहे त्यांनी या वाटेला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

त्याचे मुख्य कारण मात्र पैसा नव्हे. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने मुलीसाठी वाग्दत्त वधूचा अर्ज केला होता. मध्यंतरी मुलाचे आजोबा आजारी पडले. ‘डोळ्यांदेखत फेरे होऊ द्या’ ही त्यांची इच्छा. मुलगा आठ दिवसांसाठी आला, सभागृह मिळाले, चवरी सजली, सप्तपदी झाली, मंगळसूत्र झाले. सर्वांच्या मते हे ‘घरगुती’ होते, खरे लग्न अमेरिकेत व्हायचे होते. मुलाखतीत अधिकाऱ्याने नात्याचा पुरावा म्हणून छायाचित्रे मागितली आणि मुलीने भोळेपणाने तीच पुढे केली. हिंदू विवाह कायदा १९५५ जैनांनाही लागू आहे आणि त्याच्या सातव्या कलमानुसार, जेथे सप्तपदीचा विधी आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. मग ती मुलगी वाग्दत्त कशी? व्हिसा नाकारला गेला, पत्नीचा अर्ज पहिल्यापासून करावा लागला आणि दोघांची दीड वर्षे वाया गेली. आजोबांची इच्छा पुरवणे यात काहीच गैर नव्हते. हाती असलेल्या अर्जाशी ती विसंगत आहे, हे सांगणारे त्या वेळी कोणी नव्हते. आपल्याकडे साखरपुड्यातही हार घालतात, वधू लाल शालू नेसते. के-१ च्या वाटेने जाणाऱ्यांनी निदान ती छायाचित्रे दुसऱ्याच्या नजरेने पाहावीत.

याच्या अगदी उलट चूक अलीकडे अधिक वाढली आहे. तारीख सहा महिन्यांनंतरची, परंतु व्हिसाचा अर्ज आज करता यावा म्हणून लग्नाआधीच ‘नोंदणी करून घेऊ’ असे ठरते. कोणी एखाद्या संस्थेचे विवाह प्रमाणपत्र आणतो, त्यावर सरकारी नोंद होते आणि घरी सांगतात की हे फक्त कागदापुरते आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२४ रोजी नेमक्या अशाच प्रकरणात निर्णय दिला. दोघेही प्रशिक्षित वैमानिक. २०२१ मध्ये साखरपुडा झाला, एका संस्थेचे प्रमाणपत्र घेऊन नोंदणीही झाली. विधिपूर्वक लग्न ऑक्टोबर २०२२ मध्ये व्हायचे होते. ते झालेच नाही, मने त्याआधीच दुरावली आणि प्रकरण घटस्फोटाच्या अर्जापर्यंत गेले. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने निकाल दिला की विधीच झाला नसेल, तर हिंदू विवाह कायद्याखाली विवाहच झालेला नाही. नोंदणी हा झालेल्या विवाहाचा पुरावा आहे. न झालेला विवाह ती निर्माण करू शकत नाही. परदेशी जाण्यासाठी व्हिसाचा वेळ वाचावा म्हणून आई-वडील अशी नोंदणी करू देतात, याची न्यायालयाने नापसंतीपूर्वक दखल घेतली आहे. व्यापारी भाषेत सांगायचे, तर माल उचललाच नाही आणि बिल मात्र फाडले.

अशा कागदावर व्हिसा काढला तर काय? विवाह जेथे झाला तेथील कायद्याने तो वैध असला पाहिजे, हे अमेरिकेचेही सूत्र आहे. पायाच कच्चा असेल, तर वरची इमारत कधीही हलू शकते. शिवाय खोटे निवेदन केल्याचा ठपका आला, तर तो पुढे प्रत्येक अर्जात आडवा येतो. पर्यटक व्हिसावर जाऊन तेथेच राहून जाण्याचा सल्ला देणाऱ्या हितचिंतकांनाही हेच सांगावेसे वाटते.

लवकर नोंदणी खरोखरच हवी असेल, तर सरळ मार्ग विशेष विवाह कायदा १९५४ चा आहे. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेला असावा, नोटीस द्यावी, तीस दिवस हरकतींसाठी थांबावे आणि मग विवाह अधिकाऱ्यापुढे तीन साक्षीदारांसह विवाह करावा. हा विवाह पूर्ण वैध असतो. पुढचा समारंभ आप्तेष्टांच्या आनंदासाठी. पण मग त्या दिवसापासून मुलगी विवाहित आहे, हे दोन्ही घरांनी मनाने स्वीकारले पाहिजे. समारंभापूर्वी संबंध फिसकटले, तर साखरपुडा मोडल्यासारखे मोकळे होता येत नाही; घटस्फोटच घ्यावा लागतो आणि विवाहास एक वर्ष होण्यापूर्वी त्यासाठी अर्ज करणे सामान्यतः शक्य नसते.

आता शेठजींच्या सॉल्व्हन्सी सर्टिफिकेटकडे वळतो. हा माझ्या धंद्यातला विषय. अशी प्रमाणपत्रे मी नोकरीत शेकड्यांनी हाताळली. पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसाला त्यांचा उपयोग होतो. पत्नीच्या व्हिसात अमेरिका मुलीच्या वडिलांची दुकाने आणि मुदतठेवी पाहत नाही. ती पतीचे उत्पन्न पाहते. पतीला आय-८६४ हे हमीपत्र द्यावे लागते आणि त्याचे उत्पन्न तेथील दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. ते कमी पडले, तर सहहमीदार चालतो, पण तोही अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच हवा. मुलीच्या स्वतःच्या नावावरील मालमत्ता काही प्रमाणात मोजली जाते, सासऱ्याची किंवा वडिलांची नव्हे. या हमीपत्राची खरी गंमत पुढे आहे. ते घटस्फोटानेही संपत नाही. पत्नी नागरिक होईपर्यंत, किंवा कामाच्या चाळीस तिमाह्या तिच्या खाती जमा होईपर्यंत, किंवा ती कायमची देश सोडेपर्यंत ते चालू राहते. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहून पस्तावलेले लोक मी पाहिले आहेत. मुलाकडच्यांनीही सही करण्यापूर्वी हे वाचून घ्यावे.

मुलीकडच्यांनी दुसरी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अमेरिकेत प्रवेश करताना विवाहाला दोन वर्षे पूर्ण झाली नसतील, तर मिळणारे कार्ड दोनच वर्षांचे असते. मुदत संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून पुढचा अर्ज करायचा असतो. संसार दुर्दैवाने मोडला, किंवा मुलीचा छळ झाला, तर ती एकटीही हा अर्ज करू शकते. मात्र विवाह प्रामाणिक होता याचा पुरावा तिच्यापाशी हवा. पती सही देणार नाही या धाकाने मुलींनी निमूट सोसण्याचे कारण नाही. हे वाक्य कृपया मुलीला वाचून दाखवावे.

आपले बरेच आप्त लेस्टर आणि हॅरोला आहेत, म्हणून इंग्लंडविषयी थोडे. तेथे ११ एप्रिल २०२४ पासून किमान उत्पन्नाची अट वर्षाला १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंड झाली. उत्पन्न नसेल, तर ८८,५०० पौंडांची रोख बचत चालते. ती सलग सहा महिने जोडप्याच्या ताब्यात असावी लागते आणि एक दिवसही त्याखाली गेलेली चालत नाही. येथे मात्र वडिलांनी दिलेली भेट उपयोगी पडू शकते, पण ती साखरपुड्याच्या सुमारासच खात्यावर पडली पाहिजे. अर्जाच्या आठवड्यात नव्हे. वाग्दत्त वधूचा व्हिसा तेथेही आहे, सहा महिन्यांचा. त्यावर काम करता येत नाही आणि लग्नानंतर पुन्हा शुल्क भरून अर्ज करावा लागतो.

सून परदेशी आणि अन्य धर्मीय असेल, तर केवळ आपल्या विधीने लागलेले लग्न हिंदू विवाह कायद्यात बसत नाही, कारण तेथे दोघेही त्या कायद्याच्या कक्षेतील असावे लागतात. अशा वेळी विशेष विवाह कायदाच हवा. नोंदणीकृत विवाहाला सलग दोन वर्षे झाल्यावर तिला ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. ते मिळाले, तरी शेतजमीन तिच्या नावे घेता येत नाही. विमानतळ झाल्यापासून पनवेलच्या पंचक्रोशीत प्रत्येकाला एक एकर हवा असतो, म्हणून सांगितले.

कागदांबाबत एकच सांगतो, कारण आपल्याकडे अडते ते तेथेच. जन्मदाखल्यावर ‘कुमारी’, पॅनवर वडिलांच्या नावापुढे ‘लाल’, पासपोर्टात ‘लाल’ गायब, आईच्या नावामागचे ‘बेन’ कुठे आहे कुठे नाही. काही जुन्या जन्मनोंदींत तर बाळाचे नावच भरलेले नसते. ही दुरुस्ती मुलगी उपवर झाली की करून ठेवावी.

शेठजींच्या घरी मग तीन बदल झाले. वाग्दत्त वधूच्या अर्जाचा विचार सोडला. मुहूर्त रजेच्या शेवटच्या रविवारी होता, तो तिसऱ्या दिवसावर आणला, म्हणजे मुलगा येथे असतानाच महानगरपालिकेत नोंदणीच्या सह्या होतील; महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यानुसार विवाहानंतर नव्वद दिवसांत हे निवेदन द्यायचे असते आणि त्याला तीन साक्षीदार लागतात. निबंधक परदेशी नागरिकाकडे अविवाहित असल्याचा दाखला मागू शकतात, म्हणून तोही त्याने येताना आणला. तिसरा बदल मुलीनेच सुचवला. “काका, तसेही वर्षभर थांबायचेच आहे, तर मी माहेरी राहून सी.ए. फायनलचा राहिलेला ग्रुप देते,” ती म्हणाली. सासूबाईंनी फोनवरूनच होकार दिला.

लग्न ठरल्या दिवशी झाले. नोंदणी पाचव्या दिवशी. दोघांची विमानाची तिकिटे, दोन्ही घरच्या मंडळींसह काढलेली छायाचित्रे आणि फोनच्या नोंदी ती आता एका फाईलमध्ये तारीखवार लावत असते. वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासाचे मुलाखतीचे पत्र अजून यायचे आहे. परीक्षा मे महिन्यात आहे.