आदी इचार, मगे टाक!

बालमित्रांनो, श्रावण संपत आला की मालवणच्या घराघरांत एकच धांदल उडते. चतुर्थी तोंडावर आलेली असते. भिंतींना रंग द्यायचा, भांडी घासायची आणि माळा साफ करायचा! मुंबईचे चाकरमानी अजून यायचे असतात. तोवर हे काम घरच्या पोरांच्या गळ्यात पडतं.

चढा तर मग शिडीवरून माळ्यावर. काय काय दिसतंय? काच फुटलेला कंदील. रापणीच्या जाळ्याचा कुजका तुकडा. बाबांची चौथीतली पाटी. झाकण नसलेला डबा आणि डबा नसलेलं झाकण! आणि त्या कोपऱ्यात लाकडी पट्ट्यांची एक चौकट, धुळीनं माखलेली. वर्षभरात तिला कुणी हात लावलेला तुम्हाला आठवत नाही. तुम्ही वरूनच विचारता, "ही फोडून न्हाणीच्या चुलीत घालू?"

खालून आजी ओरडते, "रव रे झिला! ती माटवी आसा. आदी इचार, मगे टाक!"

माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची चौकट. तिला नारळ, सुपाऱ्या, कवंडळं, आंब्याचे टाळे बांधतात. अकरा महिने ती अडगळ वाटते आणि चतुर्थीला तिच्यावाचून अडतं!

तुम्ही म्हणाल, हे आम्हाला ठाऊक आहे, यात नवीन काय? पण आज आपल्याला अशाच एका दुसऱ्या माळ्यावर चढायचं आहे. तो आहे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममध्ये!

प्रोग्रॅममध्ये अडगळ कशी साठते?

प्रोग्रॅम म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या आज्ञांची लांबलचक यादी. आज्ञांच्या या मजकुराला 'कोड' म्हणतात. मोठ्या प्रोग्रॅममध्ये अशा लाखो ओळी असतात. एका कामाच्या ओळी एकत्र बांधून त्या गठ्ठ्याला एक नाव देतात. अशा गठ्ठ्याला म्हणायचं 'फंक्शन'. ते काम करायची वेळ आली की प्रोग्रॅम त्या नावानं हाक मारतो.

आता समजा, शाळेचे निकाल छापणारा एक प्रोग्रॅम आहे. जुन्या प्रिंटरसाठी त्यात एक फंक्शन लिहिलं होतं. पुढे नवा प्रिंटर आला, त्याच्यासाठी नवं फंक्शन आलं. जुनं मात्र तसंच राहिलं. त्याला आता कुणीच हाक मारत नाही. 'असू दे, कधी लागलं तर!' असं म्हणत जो तो पुढे गेला. वीस वर्षं असंच चाललं की माळा भरलाच म्हणून समजा.

पडून राहिलं तर बिघडलं कुठं? बिघडतं हो! नव्यानं कामाला आलेल्या माणसाला यातलं कामाचं काय आणि रिकामटेकडं काय, ते कळत नाही. तो सगळंच वाचत बसतो. एखादा बदल करायचा तर या निरुपयोगी ओळींतही करावा लागतो. आणि कधी कधी तर ही अडगळ चक्क घात करते.

चाळीस सेकंदांच्या आत!

४ जून १९९६. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधून युरोपचं 'आरियान-५' हे नवं रॉकेट पहिल्यांदाच आकाशात झेपावलं. चाळीस सेकंदांच्या आत ते भलतीकडेच वळलं आणि त्याचे तुकडे तुकडे झाले. आत माणूस कुणी नव्हता, पण चार उपग्रह नष्ट झाले.

चौकशी झाली. रॉकेटची दिशा आणि वेग मोजणाऱ्या यंत्रणेतला प्रोग्रॅम आधीच्या 'आरियान-४'मधून जसाच्या तसा घेतला होता. त्यातला एक भाग उड्डाणापूर्वीच्या जुळवाजुळवीचा होता. उलटी गणती अगदी शेवटी थांबली तर ती लवकर पुन्हा सुरू करता यावी, म्हणून जुन्या रॉकेटमध्ये तो भाग उड्डाणानंतरही थोडा वेळ चालू ठेवत. नव्या रॉकेटला उड्डाणानंतर त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. तरी तो चालूच राहिला!

नवं रॉकेट आडव्या दिशेला जुन्यापेक्षा जास्त वेग घेत होतं. त्यामुळे त्या भागात एक आकडा फार मोठा झाला. तो ठेवायच्या जागेत ३२,७६७ पर्यंतचेच आकडे मावत होते. शेराच्या मापात पायलीभर भात ओतला तर काय होईल? तसंच झालं. मुख्य यंत्रणा बंद पडली. तिच्या मदतीला ठेवलेल्या यंत्रणेतही तोच प्रोग्रॅम होता, म्हणून तीही बंद पडली. ज्या कामाची गरजच नव्हती, त्यानं रॉकेट पाडलं!

सर्वांना उघडं असलेलं घर

आता एका मोठ्या साफसफाईची गोष्ट ऐका. काही प्रोग्रॅमचा कोड कुणालाही वाचायला, बदलायला आणि वाटायला मोकळा असतो. त्यांना 'मुक्त स्रोत' म्हणतात. 'लिबरऑफिस' हा त्यातलाच एक. पत्रं लिहायला, हिशेबाची कोष्टकं मांडायला तो फुकट मिळतो. त्याचे मेन्यू मराठीतही करून घेता येतात.

त्याची सुरुवात झाली जर्मनीत, १९८५ च्या सुमारास. मार्को ब्योरिस नावाच्या एका पोरगेल्या मुलानं लेखनासाठी 'स्टाररायटर' हा प्रोग्रॅम लिहिला. त्यावर कंपनी उभी राहिली. ती १९९९ मध्ये अमेरिकेतल्या 'सन' कंपनीनं विकत घेतली आणि २००० मध्ये कोड सगळ्यांना खुला केला. त्यातूनच २०१० मध्ये स्वयंसेवकांनी 'लिबरऑफिस' सुरू केलं.

म्हणजे घर पंचवीस वर्षांचं जुनं! माळा उघडून पाहतात तो काय, कोडमधली टिपणं जर्मन भाषेत. ती वाचता येणारी माणसं थोडी. स्वयंसेवकांनी कित्येक वर्षं खपून ती इंग्रजीत आणली. शिवाय कुणीच हाक न मारलेली फंक्शनं किती होती म्हणता? हजारो!

ती शोधायला 'कॉलकॅचर' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम वापरला. आयर्लंडच्या केलान मॅकनमारा यांनी तो लिहिला आहे. त्याची युक्ती शाळेच्या हजेरीसारखी आहे. आधी सगळ्या फंक्शनांच्या नावांची यादी करायची. मग कोण कोणाला हाक मारतं ते पाहायचं. ज्याचं नाव कुणीच घेतलं नाही, ते फंक्शन संशयित! ही यादी सर्वांसमोर ठेवली आणि नव्यानं आलेल्यांना सांगितलं, 'यातलं एक उचला आणि सुरुवात करा.' गंमत म्हणजे एक फंक्शन काढलं की दुसरं उघडं पडायचं. कारण त्याला हाक मारणारं तेवढं एकच होतं!

दर्या आणि दऱ्या

पण थांबा. यादीत नाव आलं की लगेच टाकायचं का? इथं आजीचं वाक्य आठवा.

आपल्या समुद्राला आपण 'दर्या' म्हणतो. आंबोलीच्या घाटात दिसतात त्या 'दऱ्या'. दोन्ही शब्द मोठ्यानं वाचा. उच्चार वेगळा, लिहिणंही वेगळं. दुसऱ्या शब्दातली 'र'ची ती आडवी वळणदार खूण कॉम्प्युटरवर उमटवायला 'ऱ' हे अक्षर लागतं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ते शिफ्ट आणि जे या कळांवर आहे.

आता समजा, फक्त हिंदी जाणणारा एखादा हुशार प्रोग्रॅमर देवनागरी अक्षरं दाखवणारा कोड साफ करायला बसला. त्यानं हिंदीची हजार पानं तपासली. त्यात ही खूण एकदाही आली नाही. 'बिनकामाची दिसते' म्हणून त्यानं ती आज्ञा काढून टाकली. झालं! दुसऱ्या दिवशी मराठी मुलांच्या निबंधातल्या पायऱ्या आणि कैऱ्या सगळं विस्कटणार!

त्याची चूक काय? त्यानं पानं तपासली, माणसांना विचारलं नाही. हीच खूण उमटवायची एक जुनी पद्धतही आहे. तीत 'र', हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं एक चिन्ह वापरतात. नवी पद्धत आली म्हणून जुनी काढून टाकता येत नाही, कारण जुने मराठी मजकूर तीत लिहिलेले आहेत.

म्हणून मुक्त स्रोत प्रकल्पात कोड काढायची रीत ठरलेली असते. पहिल्यांदा, ते फंक्शन कधी आणि कशासाठी लिहिलं, ते जुन्या नोंदींत पाहायचं. ते फक्त विंडोजवर किंवा फक्त छपाईच्या वेळी लागत नाही ना, हे तपासायचं. मग काढायचं, पण एका वेळी एकच. संपूर्ण प्रोग्रॅम पुन्हा बांधून चाचण्या घ्यायच्या. शेवटी दुसऱ्या माणसानं तो बदल वाचून होकार द्यायचा. एवढं करूनही चूक झाली तर? घाबरू नका. 'गिट' नावाची नोंदवही प्रत्येक बदल लिहून ठेवते. काढलेली ओळ परत आणता येते. चुलीत गेलेली माटवी मात्र परत येत नाही!

तुम्हीही करून पाहा

शाळेत किंवा घरी 'स्क्रॅच'मध्ये तुम्ही एखादा खेळ बनवला असेल. तो उघडा आणि आधी त्याची एक प्रत जपून ठेवा. आता पाहा, हिरव्या झेंड्याला किंवा कुठल्याच घटनेला न जोडलेले ठोकळे कोपऱ्यात पडलेत का? आपोआप ते कधीच चालत नाहीत. एक गठ्ठा काढा, खेळ चालवून पाहा, मगच दुसरा काढा. मित्राबरोबर मिळून खेळ बनवला असेल, तर त्याला विचारल्याशिवाय त्याचे ठोकळे काढू नका हं! आई-बाबांनो, तुम्हीही शेजारी बसा. 'हे कशासाठी ठेवलंस?' एवढंच विचारा. उत्तर शोधता शोधता मुलाला आपलाच खेळ नव्यानं कळेल.

आणि यंदा चतुर्थीपूर्वी माळ्यावर चढलात की आजीजवळ एक यादी करा. कोणती वस्तू, कोणाची, कधी लागते. कुठली टाकली, कुठली ठेवली आणि का, तेही लिहा. तुमच्या यादीत माटवीसारखी एखादी वस्तू सापडली, तर आम्हाला जरूर कळवा!