सत्तर अंशांवरची ओतशाळा

बेळगावजवळच्या मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत ज्याचं लहानपण गेलं, त्याला ओतकामाचं अप्रूप नसतं. चौदाशे अंशांच्या आसपास तापलेला लोखंडाचा रस वाळूच्या साच्यात पडताना मागं कधी सरकायचं, हे पावलांनाच कळतं. म्हणून संपादकांनी ‘सुरी न लावता त्वचेच्या कॅन्सरवर उपचार होतात, त्यावर लिहा’ म्हटलं, तेव्हा ओतशाळेची आठवण यायचं काही कारण नव्हतं. मी रुग्णालयात किरणोपचाराचं मोठं यंत्र बघायला गेलो आणि किरण अडवायच्या पाट्या जिथं ओततात, त्या मोल्ड रूममध्येच रमलो.

इतिहास थोडक्यात सांगतो. राँटगेनना 1895 मध्ये क्ष-किरण सापडले. चारच वर्षांनी स्टॉकहोममध्ये थोर स्टेनबेक यांनी एका बाईच्या नाकाच्या शेंड्यावरच्या कॅन्सरवर ते वापरले आणि बाई बरी झाली. आपल्याकडे टाटा मेमोरियल 1941 मध्ये सुरू झालं. तिथल्याच डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी 1945 च्या एका शोधनिबंधात ‘धोतराच्या कॅन्सर’ची नोंद केली. वर्षानुवर्षं घट्ट कसलेल्या धोतरानं कमरेची कातडी घासून घासून होणारा हा रोग. गोऱ्या कातडीच्या देशांत उन्हामुळं होणारा बेसल सेल कॅन्सर सर्रास आढळतो. आपल्याकडे त्वचेचा कॅन्सरच मुळात कमी, आणि त्यातला बराचसा जुन्या भाजल्याच्या वणांवर, न भरणाऱ्या जखमांवर उगवतो.

आता मोल्ड रूम. तिथल्या कढईत बिस्मथ, शिसं, कथील आणि कॅडमियमचा मिश्रधातू होता. तो सत्तर अंशांना वितळतो. चहा उकळायला लागते त्याहून कमी उष्णता! मच्छेचा कुणी मोल्डर हसला असता.

पण काम तेच. डॉक्टरांनी एका आज्जींच्या नाकपुडीशेजारच्या फोडाभोवती, सेंटीमीटरभर निरोगी कातडी धरून, पेनानं रेघ मारलेली. ती पारदर्शक कागदावर उतरवून तंत्रज्ञानं तापल्या तारेनं थर्मोकोलचा तुकडा कापला. तो चौकटीत मधोमध बसवून भोवती रस ओतला. चांदीसारखा चकाकणारा रस बघता बघता राखाडी झाला. थर्मोकोल काढल्यावर राहिली एक जाड पाटी आणि तिच्यात फोडाच्या आकाराचं भोक. ही पाटी यंत्राच्या तोंडाशी बसते. किरण भोकातून जातात, बाकीचे धातूत अडतात.

किरण म्हणजे इथं इलेक्ट्रॉन. सहा एमईव्ही ऊर्जेचे इलेक्ट्रॉन कातडीखाली साधारण दोन सेंटीमीटरपर्यंतच नीट काम करतात, तीन सेंटीमीटरच्या आसपास संपतात. मेंदूपर्यंत, घशापर्यंत जातच नाहीत. उलट कोबाल्टचे गॅमा किरण खोल जातात आणि कातडीला सांभाळून घेतात. पोटातल्या गाठीसाठी तो गुण, इथं तोच अवगुण. इलेक्ट्रॉनचाही अगदी वरच्या थरावर मारा थोडा कमी पडतो, म्हणून फोडावर मेणाचा किंवा जेलचा थर ठेवतात. म्हणजे किरणांना आधी खोटी कातडी भेटते आणि खऱ्या कातडीला पुरा डोस मिळतो.

मला सगळ्यांत आवडली ती नाकपुडीत सरकवायची शिशाची चिपळी. मधला पडदा वाचवायला ती हवी. पण शिशावर आपटून काही इलेक्ट्रॉन मागं उलटतात आणि आतली नाजूक त्वचा भाजू शकते. म्हणून चिपळीला मेणाचं आवरण. तंत्रज्ञ ती बोटांत फिरवून, फुंकर मारून, कुठं मेण पातळ तर नाही ना, बघत होता.

“आज्जी, हलू नका हं. दोन मिनिटांचं काम आहे.”

“हललं तर काय होतंय रे बाळा?”

“माझी पाटी वाया जातीय की!”

पाटी वाया मात्र कधीच जात नाही. उपचार संपले की पुन्हा कढईत. फाउंड्रीत रनर-रायझर, म्हणजे साच्याच्या वाटांत उरलेलं लोखंड, भट्टीत परत जातं तसंच. धातू फाजील तापवायचा मात्र नाही, कॅडमियमची वाफ विषारी असते.

इथवर कौतुक झालं. अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. फ्रान्समध्ये चेहऱ्यावरच्या, चार सेंटीमीटरहून लहान बेसल सेल कॅन्सरच्या 347 रुग्णांवर तुलना झाली. चार वर्षांत शस्त्रक्रियेनंतर 0.7 टक्के रुग्णांत रोग उलटला, किरणांनंतर 7.5 टक्क्यांत. दिसण्याच्या बाबतीतही शस्त्रक्रियाच सरस ठरली. म्हणजे सुरी शक्य तिथं सुरीच आधी. पापणी, नाक, कान अशा अवघड जागा, भूल न सोसणारं वय, किंवा शस्त्रक्रियेला ठाम नकार असेल, तर किरण. तरुणांना शक्यतो देत नाहीत, कारण काही वर्षांनी तिथली कातडी पातळ, पांढुरकी होते, आणि क्वचित त्याच जागी नवा कॅन्सरही उठू शकतो. भाजल्या वणावरच्या कॅन्सरला तर बहुतेकदा सुरीच लागते.

शिवाय लोक ज्याला ‘लाइट घेणं’ म्हणतात, ते एका दिवसात उरकत नाही. सोमवार ते शुक्रवार, कित्येकदा चार ते सहा आठवडे. फार थकलेल्यांसाठी डॉक्टर मोजक्या, मोठ्या डोसांत उरकतात, पण तेही प्रत्येकाला चालत नाही. खानापूरच्या आतल्या गावातून रोज दोन मिनिटांसाठी यायचं म्हणजे एसटीत दिवस गेला, सोबत येणाऱ्या मुलाची हजेरीही गेली. कागदपत्रांचं दुखणं आणखी वेगळं. महाराष्ट्र सरकारनं 2023 मध्ये मोफत उपचारांची महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातल्या सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायचं ठरवलं आणि त्यावरूनही दोन राज्यांत जुंपली. बेळगावात 3 जानेवारी 2025 ला राष्ट्रपतींच्या हस्ते केएलई संस्थेच्या नव्या कॅन्सर रुग्णालयाचं उद्घाटन झालं. दारं उघडताहेत, पण दारापर्यंतची वाट अजून पेशंटचीच आहे.

निघताना फळीवर रांगेनं ठेवलेल्या, वितळायची वाट बघणाऱ्या पाट्या दिसल्या. एकीचं भोक रुपयाएवढं, एकीचं तळहाताएवढं. मोठ्या भोकाकडं बोट दाखवून तंत्रज्ञ म्हणाला, “हे वर्षभर हळद लावत बसले होते.”

घरात कुणाच्या चेहऱ्यावर, पायावर, जुन्या वणावर महिना उलटूनही न भरलेली जखम असेल, तर डॉक्टरला दाखवा. भोक रुपयाएवढं आहे तोवर.