अळिंबी आपली कोण?

गटात अळिंबीच्या पिशव्या भरताना आम्ही तिला भाजीच म्हणायचो. पण नात्यानं ती झाडांपेक्षा आपल्याला जवळची. झाड उन्हात स्वतःचं अन्न बनवतं, बुरशीला मात्र आपल्यासारखं तयार अन्न लागतं. प्राणी आणि बुरशी एकाच घराण्यातले, हे शास्त्रज्ञांनी १९९३ साली पेशींतल्या प्रथिनांची तुलना करून दाखवलं. दोघांचा मूळ पूर्वज एकाच पेशीचा होता.

या घराण्यातले एकपेशीय भाऊबंद आजही तळ्यात, समुद्रात आहेत. त्यांतल्या एका गटाला कोॲनोफ्लॅजेलेट म्हणतात. एक शेपटी, तिच्याभोवती कॉलर. शेपटी हलवून पाणी ओढायचं, कॉलरीत जिवाणू पकडायचे. स्पंज या पाण्यातल्या प्राण्याच्या अंगातही अगदी अशाच पेशी दिसतात.

हे आपल्याला कशाला कळायला हवं? गजकर्णही बुरशीच. तिच्या पेशी आपल्या पेशींसारख्या, म्हणून आपल्याला अपाय न करता तिला मारणारी औषधं मोजकीच. दुकानातून मनानं आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमानं खाज थांबते, पण बुरशी पसरते. आमच्या गटातही हेच झालं. तेव्हा डॉक्टरांना दाखवा, आणि खाज थांबली तरी सांगितले तितके दिवस औषध लावा.