एमसीबी सारखी पडतेय? मोठी बसवू नका!

हबीबगंजकरांनो, मे महिना आलाय. पारा चाळिशीपार, घरात एसी, कूलर, फ्रिज एकदम सुरू. आपल्याकडच्या कित्येक जुन्या घरांत वायरिंग आधीचं आणि एसी नंतर आलेले. मग एमसीबी पडते, आणि लोक इलेक्ट्रिशियनला म्हणतात, "भैया, जरा मोठी टाका."

कृपा करून हे करू नका. एमसीबी वायरच्या जाडीप्रमाणे ठरते. 16 अँपिअरच्या जागी 32 ची बसवली आणि भिंतीतली वायर तीच ठेवली, तर वायर तापत राहील, एमसीबी मात्र पडणार नाही. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते! इन्सुलेशन आधी कडक होतं, मग तडकतं.

हिशोब सोपा आहे: वॅट भागिले 230. 2000 वॅटचा गीझर जवळपास 9 अँपिअर घेतो, तेवढ्याच वॅटची इंडक्शन शेगडीही तेवढेच. दोन्ही एकाच 16 च्या सर्किटवर चालवले की मर्यादा ओलांडलीच. छोटा सॉकेट 6 अँपिअरचा, म्हणजे जेमतेम 1380 वॅट. एक्स्टेंशन बोर्ड जोडून ही मर्यादा वाढत नाही.

एसी आणि गीझरला स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी हवीच. दीड टनी एसीला मी तर 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायरच सुचवेन. आरसीसीबीही बसवा, पण ती शॉकपासून वाचवते, ओव्हरलोडपासून नाही.

प्लग गरम लागतोय, सॉकेटभोवती प्लास्टिक पिवळं पडलंय, जळका वास येतोय? मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला आजच बोलवा.