विश्लेषण : पौर्णिमेच्या रात्री फासे कोणाच्या हातात? 'वेअरवुल्फ' पात्रांचे नियम का बदलले?

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग गेममध्ये आपले पात्र मरू शकते, हे प्रत्येक खेळाडू पहिल्याच दिवशी मान्य करतो. पण पात्र जिवंत असतानाच आपल्या हातातून काढून घेतले गेले तर? माणसाचा लांडगा होणाऱ्या 'वेअरवुल्फ'चा चावा बसला की नेमके हेच घडू शकते. या प्रकारातील सर्वात प्रसिद्ध खेळ असलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या (डी अँड डी) राक्षसांच्या नियमपुस्तकाची नवी आवृत्ती फेब्रुवारी २०२५ मध्ये आली. त्यात या चाव्याचे नियम बदलले आहेत. ते का बदलले आणि असे पात्र खेळायचे असेल तर काय ठरवून घ्यावे, याविषयी…

हा खेळ चालतो कसा?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तयार केलेला डी अँड डी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. यात सोंगट्यांचा पट असलाच पाहिजे असे नाही. चार-पाच खेळाडू एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी धर्मगुरू. 'डंजन मास्टर' म्हणजे डीएम हा सूत्रधार असतो. गोष्ट तो सांगतो, गावकऱ्यांपासून राक्षसांपर्यंत बाकी सगळे तोच चालवतो. खेळाडूने फक्त एवढेच सांगायचे की, 'माझे पात्र आता हे करते'. जमले की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो.

म्हणजे खेळाडूच्या हातात एकच गोष्ट असते. आपल्या पात्राने काय करायचे, याचा निर्णय. एक कथानक अनेक महिने, कधी वर्षानुवर्षे चालते आणि तेच पात्र त्यात वाढत जाते. वेअरवुल्फचा नियम या एकाच गोष्टीवर घाला घालतो, म्हणून तो इतका नाजूक ठरतो.

असे प्राणी खेळात कधीपासून आहेत?

अगदी सुरुवातीपासून. १९७४ च्या पहिल्या संचातच लांडगा, रानडुक्कर, वाघ आणि अस्वल होणारी माणसे होती. पुढच्याच वर्षी उंदीर होणाऱ्यांची भर पडली. मात्र ही सगळी मंडळी शत्रू म्हणून आली होती, खेळाडूंनी घ्यायची पात्रे म्हणून नव्हे. चाव्याने शाप लागतो आणि चांदीने मरण येते, ही जोडी १९४१ च्या 'द वुल्फ मॅन' या हॉलीवूडपटाने लोकप्रिय केली होती. खेळाने तीच उचलली.

माणूस जनावर होतो ही कल्पना अर्थात युरोप-अमेरिकेपुरती नाही. नागालँडमधील अंगामी नागांमध्ये 'तेखुमियावी' म्हणजे व्याघ्रमानवाची कल्पना आहे. तिथे माणसाचा जीव वाघात संचारतो, शरीर घरीच राहते. चाव्याचा संसर्ग त्यात नाही. डी अँड डीने मात्र संसर्गाचे रूप घेतले आणि त्यामुळे शत्रूचा शाप खेळाडूपर्यंत पोहोचण्याची वाट उघडली. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये नियम असा होता : चाव्यांमुळे पात्राची निम्मी किंवा त्याहून अधिक प्राणशक्ती गेली आणि तरीही ते वाचले, तर त्याला बाधा झाली. प्राणशक्ती म्हणजे 'हिट पॉइंट'. पात्र किती मार सोसू शकते याचा आकडा.

चावा बसल्यावर काय होते?

आज बहुतेक गटांना माहीत असलेले नियम २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतले. त्यात वेअरवुल्फ चावला की खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात पात्राच्या काटकपणाचे गुण मिळवतो आणि बेरीज १२ किंवा जास्त आली तर वाचतो. समजा, हे गुण अधिक २ आहेत. मग फाशावर किमान १० पडायला हवेत, म्हणजे वाचण्याची शक्यता ५५ टक्के. दोन चावे बसले तर दोन्ही वेळा वाचण्याची शक्यता जेमतेम ३० टक्के उरते. एका लढाईत दोन चावे बसणे काही विशेष नाही. थोडक्यात, हा शाप क्वचित लागणारा नाही.

शाप लागल्यावर पात्रापुढे दोन वाटा असतात. पहिली, त्याला विरोध करण्याची. तसे केल्यास एरवी ते पूर्वीसारखेच राहते; पौर्णिमेला मात्र रूप बदलते आणि आवर सुटतो. दुसरी वाट शाप आपलासा करण्याची. मग हवे तेव्हा रूप बदलता येते, पण पात्राची नैतिक प्रवृत्ती त्या प्राण्यासाठी पुस्तकात ठरवलेली होते. लांडग्यासाठी ती 'बेबंद आणि दुष्ट' अशी आहे. प्रवृत्ती बदलली की शाप उतरेपर्यंत पात्र स्वतःच्या ताब्यात घेण्याची मुभा पुस्तक डीएमला देते.

उतारा काय? शाप उतरवणारा मंत्र तिसऱ्या स्तराचा आहे आणि धर्मगुरूच्या पात्राला तो पाचव्या पातळीवर मिळतो. त्यानंतर गटासाठी हा शाप म्हणजे एका मंत्राचे काम. जन्मतःच वेअरवुल्फ असलेल्यावर मात्र हा मंत्र चालत नाही; त्याला सर्वोच्च दर्जाचा 'विश' हा मंत्रच लागतो.

मग अडचण कुठे येते?

पहिली अडचण समतोलाची. २०१४ च्या नियमांत वेअरवुल्फला साध्या शस्त्रांनी इजाच होत नाही. जादूचे किंवा चांदीचा मुलामा दिलेले शस्त्र हवे, नाहीतर मंत्र. शत्रू म्हणून हे ठीक आहे. खेळाडूंना धडपड करून चांदी मिळवावी लागते आणि त्यातून गोष्ट रंगते. साधी लांब तलवार १५ सुवर्णनाण्यांना मिळते, पण तिला चांदीचा मुलामा द्यायला १०० नाणी लागतात. नवख्या गटासाठी ही मोठीच रक्कम.

हीच शक्ती खेळाडूच्या पात्राला मिळाली की गणित उलटते. सुरुवातीच्या पातळ्यांवर समोर येणारे दरोडेखोर, गॉब्लिन आणि पहारेकरी साधीच शस्त्रे वापरतात. त्यांच्या तलवारींपुढे लांडगा झालेला योद्धा निर्धास्त उभा राहतो आणि शेजारचा चोर दोन घावांत आडवा होतो. डीएमने शत्रूंच्या हाती चांदी दिली तर वेअरवुल्फ घेतलेल्या खेळाडूला वाटते, आपल्यालाच लक्ष्य केले जात आहे. नाही दिली तर बाकीच्यांना वाटते, आपण इथे कशाला आहोत?

दुसरी अडचण किमतीची. वेअरवुल्फ झाल्यावर शारीरिक बळ १५ होते, आधीच जास्त असेल तर तेवढेच राहते. अस्वल होणाऱ्याचे बळ थेट १९ होते. साध्या शस्त्रांपासून दोघेही सुरक्षित. पण अस्वलाची ठरलेली प्रवृत्ती 'सज्जन' आहे. म्हणजे अस्वलाने चावलेल्याला जास्त ताकद मिळते आणि पात्रही बहुधा हातात राहते. लांडग्याने चावलेल्याला कमी ताकद मिळते आणि पात्र जाण्याची वेळ येते. शापाची किंमत शक्तीच्या प्रमाणात नाही, कोण चावले यावर ठरते. अस्वल शोधून मुद्दाम चावून घ्यावे, असा विचार हिशेबी खेळाडूच्या मनात आला तर त्यात नवल नाही.

पात्र कोणाचे, हा प्रश्न का मोठा?

समतोल आकड्यांनी साधता येतो. तिसरी अडचण आकड्यांची नाही. पौर्णिमेच्या रात्री डीएम सांगतो, 'तुझ्या पात्राने रात्री त्या गावातल्या पोराला मारले.' खेळाडूने हा निर्णय घेतलेला नसतो, पण पुढच्या प्रत्येक खेळात त्याचे ओझे त्याच्याच पात्रावर असते. काहींना नेमके हेच हवे असते; अपराधगंड, प्रायश्चित्त आणि मित्रांपासून लपवलेले गुपित यांत उत्तम नाट्य आहे. काहींना मात्र सहा महिने जपलेले पात्र आपल्याला न विचारता कोणीतरी विद्रूप केले असे वाटते. दोन्ही भावना खऱ्या आहेत आणि नियमपुस्तक यात मध्यस्थी करू शकत नाही.

त्यात भर म्हणजे, ताबा सुटलेले पात्र बहुतेक वेळा जवळच झोपलेल्या साथीदारांवर धावते. मग एका खेळाडूचा शाप दुसऱ्याच्या पात्राच्या जिवावर उठतो. इथे 'माझे पात्र असेच वागेल' हे वाक्य मैत्रीत वितुष्ट आणू शकते.

इतर खेळांनी कोणता मार्ग काढला?

सर्वात वेगळे उत्तर १९९२ च्या 'वेअरवुल्फ : द अपोकॅलिप्स' या खेळाने दिले. इथे सगळेच खेळाडू वेअरवुल्फ असतात, त्यामुळे एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी हा प्रश्नच मिटतो. पात्राला माणसापासून लांडग्यापर्यंत पाच रूपे असतात. मधले 'क्रिनॉस' हे युद्धरूप इतके भयंकर की ते पाहणारी सामान्य माणसे भेदरतात आणि पाहिलेले विसरूनही जातात. 'रेज' म्हणजे संताप हेच इथले इंधन. तो वापरला की लढाईत जास्त चाली मिळतात, पण संताप उसळला की पात्र बेभान होते. ताबा जाण्याचा धोका इथेही आहे. फरक असा की, तो कोणाच्या चाव्याने येत नाही. खेळाडू हे जाणूनच खेळायला बसतो. २०२३ च्या पाचव्या आवृत्तीत संताप पूर्ण संपला तर पात्राचा आपल्यातल्या लांडग्याशी संबंध तुटतो. म्हणजे संताप फार झाला तरी नुकसान, उरला नाही तरी नुकसान.

डी अँड डीमध्येही पर्याय निघाले. २००४ मध्ये आलेल्या 'एबेरॉन' या काल्पनिक जगात 'शिफ्टर' नावाचा वंश आहे. ही वेअरवुल्फसारख्यांची दूरची वंशज माणसे. पाचव्या आवृत्तीत त्यांना एका मिनिटापुरते अर्धे जनावर होता येते. त्यांना शाप नाही, पौर्णिमेचा धाक नाही आणि पात्र हातातून जाण्याची भीतीही नाही. 'क्रिटिकल रोल' या कार्यक्रमाचे डीएम मॅथ्यू मर्सर यांनी 'ब्लड हंटर' हा अनधिकृत वर्ग तयार केला. त्याच्या लांडगा शाखेत धोका ठेवला आहे, पण मोजून मापून. जनावराच्या रूपात प्राणशक्ती अर्ध्यावर आली की मनोबलाचा फासा टाकायचा. ८ गाठता आले नाहीत तर जो सर्वात जवळ असेल त्याच्यावर पात्र हल्ला करते.

'पाथफाइंडर' या प्रतिस्पर्धी खेळाने 'हाऊल ऑफ द वाइल्ड' (२०२४) या पुस्तकात वेगळी वाट निवडली. तिथे जनावर होण्याच्या शक्ती फुकट मिळत नाहीत. पातळी वाढताना मिळणारी इतर कौशल्ये सोडून त्या घ्याव्या लागतात. त्यामुळे शेजारचा खेळाडू मागे पडत नाही.

नव्या नियमांत काय बदलले?

२०२५ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये वेअरवुल्फचे साध्या शस्त्रांपासूनचे अभय काढून टाकले आहे. चावा आणि फासा तसाच आहे, पण शाप लागला तरी लगेच काही होत नाही. शापित पात्राची प्राणशक्ती शून्यावर आली की ते कोसळण्याऐवजी १० प्राणशक्तीचा वेअरवुल्फ होते आणि डीएमच्या ताब्यात जाते. २०१४ च्या पुस्तकातील, खेळाडूने असे पात्र कसे चालवावे याची चौकट मात्र आता नाही.

याचे दोन अर्थ निघतात. शाप आता शक्तीचा खजिना राहिलेला नाही, लढाईतली एक टांगती तलवार झाला आहे. समतोलाचा प्रश्न त्यामुळे सुटला. पण ज्या खेळाडूला शापासह जगणारे पात्र मनापासून खेळायचे आहे, त्याला पुस्तकात काहीच आधार उरला नाही. त्याला आता आपल्या गटाबरोबर बसूनच नियम ठरवावे लागतील.

टेबलावर आधी काय ठरवावे?

कथानक सुरू होण्यापूर्वी नियम आणि मर्यादा ठरवण्यासाठी होणाऱ्या बैठकीला 'सेशन झीरो' म्हणतात. डी अँड डीच्या २०२० च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या पुस्तकातही तिच्यावर मार्गदर्शन आहे. वेअरवुल्फ येणार असेल तर या बैठकीत चार प्रश्न विचारावेत.

एक, शाप कोणालाही लागू शकतो, की आधी तयारी दाखवलेल्यालाच? डीएमने ही गोष्ट गुप्त ठेवायची असेल तरी 'तुझे पात्र काही काळ माझ्याकडे आले तर चालेल का', एवढे विचारल्याने रहस्य फुटत नाही.

दोन, ताबा सुटल्यावर पात्र कोण चालवणार? अनेकदा सर्वात सोपा तोडगा म्हणजे पात्र खेळाडूकडेच ठेवायचे आणि त्याला फक्त उद्दिष्ट द्यायचे : 'आज रात्री तू शिकारीला निघाला आहेस.' बेभान होण्याचा अभिनय खेळाडू स्वतः करतो, निर्णय त्याचाच राहतो.

तीन, साध्या शस्त्रांपासून अभय द्यायचे का? जुन्या पुस्तकाने खेळत असाल तर अभयाऐवजी निम्मी इजा, असा मधला मार्ग निघू शकतो.

चार, पडद्याआडच काय ठेवायचे? लहान मुलांवर हल्ला, साथीदाराचा मृत्यू, रक्तपाताचे तपशील. कोणाला काय नको हे आधी कळले तर खेळ मध्येच थांबवावा लागत नाही. तरीही वेळ आलीच तर 'एक्स-कार्ड' आहे. टेबलावर ठेवलेल्या या कार्डाला कोणीही हात लावला की कारण न विचारता तो प्रसंग वगळायचा.

पुस्तक विकत घेण्यापूर्वी चाचपणी करायची असेल, तर पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत उपलब्ध आहेत. लांडगा, अस्वल आणि वाघ होणाऱ्यांची माहिती त्यात आहे आणि ती मोबाइलवरही वाचता येते. पात्र कोणाच्या ताब्यात राहील, याचे उत्तर मात्र पहिला फासा पडण्यापूर्वी गटानेच ठरवायचे आहे.