नवे यंत्र, जुने खेळ : गेमिंग कन्सोल घेताना विचारायचे दोन प्रश्न

नवी दिल्ली : दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत आयएनए बाजार आणि सरोजिनी नगर यांच्या शेजारी आहे. येथून मेट्रोने राजीव चौकात उतरले, की काही पावलांवर जमिनीखालचा पालिका बाजार लागतो. व्हिडिओ गेमची यंत्रे, त्यांच्या डिस्क आणि वापरलेल्या मालाची खरेदी-विक्री यांसाठी दिल्लीतील खेळाडूंना हा बाजार वर्षानुवर्षे परिचित आहे.

नवे कन्सोल येणार अशी वार्ता आली, की खेळाडूंच्या चर्चेत दोन प्रश्न हमखास निघतात. घरी असलेले जुने खेळ या यंत्रावर चालतील का, हा पहिला. इंटरनेटवरून मिळणाऱ्या सुविधांसाठी किती खर्च येईल आणि त्या किती काळ टिकतील, हा दुसरा. बदलीच्या नोकरीमुळे ज्यांचा संसार दर काही वर्षांनी नव्या गावी हलतो, त्यांच्या दृष्टीने हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात; कारण यंत्र आणि डिस्क सामानासोबत नेता येतात, इंटरनेटची जोडणी मात्र प्रत्येक गावी सारखी नसते. गेल्या दोन दशकांचा अनुभव पाहता हे दोन्ही प्रश्न आता परस्परांत गुंतले असल्याचे दिसून येते.

भारतातील प्रारंभ

मायक्रोसॉफ्ट कंपनीने एक्सबॉक्स ३६० हे यंत्र भारतात सप्टेंबर २००६ मध्ये विक्रीस आणले. त्याच्या साध्या आवृत्तीची किंमत १९,९९० रुपये, तर हार्ड डिस्कसह येणाऱ्या आवृत्तीची किंमत २३,९९० रुपये होती. सोनी कंपनीचे प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये ३९,९९० रुपयांना दाखल झाले. मध्यमवर्गीय घरासाठी या रकमा लहान नव्हत्या. साहजिकच, एवढा खर्च केल्यावर आधीच्या यंत्रासाठी घेतलेले खेळ बाद ठरणार का, याची चौकशी ग्राहक करू लागले.

उत्तर सरळ नव्हते. एक्सबॉक्स ३६० वर पहिल्या एक्सबॉक्सचे निवडक खेळच चालत आणि त्यासाठीही हार्ड डिस्क आवश्यक होती. म्हणजे स्वस्त आवृत्ती घेणाऱ्यास ही सोय मिळण्यासाठी हार्ड डिस्कचा वेगळा खर्च करावा लागे. चालणाऱ्या खेळांच्या यादीत नवी भर घालणे कंपनीने २००७ च्या अखेरीस थांबवले.

जुना खेळ नव्या यंत्रावर का चालत नाही?

कन्सोल हा मुळात एक संगणक असतो. प्रत्येक प्रोसेसरची आज्ञा समजून घेण्याची स्वतःची भाषा असते आणि खेळ त्या भाषेत सिद्ध केलेला असतो. पहिल्या एक्सबॉक्समध्ये इंटेलचा प्रोसेसर होता. एक्सबॉक्स ३६० मध्ये आयबीएमचा, सर्वस्वी वेगळ्या रचनेचा प्रोसेसर आला. त्यामुळे जुनी डिस्क यंत्रात व्यवस्थित बसली, तरी तिच्यावरील आज्ञा नव्या प्रोसेसरला उमगत नसत.

मराठी वाचकांना मोडी लिपीच्या उदाहरणाने ही अडचण चटकन ध्यानात येईल. घरात जुनी मोडी कागदपत्रे आहेत आणि नव्या पिढीला केवळ बाळबोध लिपी येते, अशी कल्पना केल्यास तीन मार्ग संभवतात. पहिला म्हणजे मोडी जाणणारी व्यक्ती घरातच असणे. दुसरा म्हणजे जाणकाराने ओळ पाहून लगेच बाळबोधीत सांगत जाणे. तिसरा म्हणजे संपूर्ण दस्तऐवजाचे लिप्यंतर करून तो नव्याने छापणे.

कन्सोल बनविणाऱ्या कंपन्यांनी हे तिन्ही मार्ग अवलंबले आहेत. सन २००० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन २ मध्ये पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर बसविलेला होता. एरवी तो दुय्यम कामे करी आणि जुनी डिस्क घातल्यावर मुख्य सूत्रे हाती घेई. हा पहिला मार्ग सर्वांत विश्वासार्ह, परंतु जादा चिपचा खर्च प्रत्येक यंत्रावर पडतो. दुसऱ्या मार्गाला एम्युलेशन म्हणतात. त्यात सॉफ्टवेअर जुन्या आज्ञांचे खेळ चालू असतानाच रूपांतर करीत राहते. एका जुन्या आज्ञेसाठी नव्या प्रोसेसरला अनेक आज्ञा पार पाडाव्या लागत असल्याने यंत्र पुष्कळ अधिक वेगवान असावे लागते. शिवाय प्रत्येक खेळ स्वतंत्रपणे तपासावा लागतो. तिसऱ्या मार्गात खेळ नव्या यंत्रासाठी पुन्हा तयार केला जातो, मात्र ग्राहकाला तो बहुधा नव्याने विकत घ्यावा लागतो.

एका भारतीय खेळाची कथा

या तांत्रिक निर्णयांची झळ भारतात तयार झालेल्या खेळांनाही बसली. प्लेस्टेशन ३ जपान आणि अमेरिकेत २००६ मध्ये आले, तेव्हा त्यात प्लेस्टेशन २ च्या मुख्य चिप समाविष्ट होत्या. युरोपात मार्च २००७ मध्ये आलेल्या यंत्रातून त्यांपैकी मुख्य प्रोसेसर वगळण्यात आला. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ४० गिगाबाइट क्षमतेच्या आवृत्तीत प्लेस्टेशन २ चे खेळ चालविण्याची सोय राहिलीच नाही. किंमत कमी करणे हा यामागील प्रमुख हेतू होता.

दरम्यान, भारतात प्लेस्टेशन २ ची लोकप्रियता टिकून होती. २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीज या कंपनीने ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा खेळ प्लेस्टेशन २ साठी सादर केला. संपूर्णपणे भारतात विकसित झालेला या कन्सोलवरील हा पहिला खेळ मानला जातो. त्याच वर्षी कबड्डी, विटीदांडू आणि पतंगबाजी यांसारख्या देशी खेळांवर आधारित ‘देसी अड्डा’ आला, तर २०१० मध्ये गल्लीतील क्रिकेटवरचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ उपलब्ध झाला.

विशेष म्हणजे, २००९ साली दुकानात जाऊन त्याच कंपनीचे अधिक महागडे, नवे प्लेस्टेशन ३ घेणाऱ्यास हे नवे भारतीय खेळ त्यावर खेळता येत नव्हते. प्लेस्टेशन ४ आणि ५ यांवरही प्लेस्टेशन २ ची डिस्क चालत नाही. जगभरात १५ कोटींहून अधिक विकल्या गेलेल्या प्लेस्टेशन २ चे उत्पादन २०१३ च्या प्रारंभी थांबले. आज ‘देसी अड्डा’ची डिस्क कपाटात सुस्थितीत असली, तरी ती चालविण्यासाठी जुने यंत्र दुरुस्त करून राखावे लागते किंवा वापरलेल्या मालाच्या बाजारात शोधावे लागते.

ही अडचण भारतापुरती मर्यादित नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार त्या देशात पूर्वी प्रकाशित झालेल्या अभिजात खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात विक्रीस उपलब्ध नाहीत.

ऑनलाइन सुविधा म्हणजे नेमके काय?

कन्सोलच्या ऑनलाइन सुविधांमध्ये तीन निरनिराळी कामे येतात. दूरच्या खेळाडूंसोबत खेळणे हे पहिले, खेळ आणि त्यांच्या सुधारणा उतरवून घेणे हे दुसरे आणि खेळ चालविण्याची परवानगी तपासणे हे तिसरे.

पहिल्या कामासाठी वेगापेक्षा संदेश किती लवकर पोहोचतो, हे अधिक महत्त्वाचे असते. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. दिल्लीहून सिंगापूरचे हवाई अंतर सुमारे ४,१०० किलोमीटर आहे. म्हणजे सर्व्हर सिंगापूरला असल्यास संदेशाच्या जाण्या-येण्यात किमान ४१ मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षात मार्ग वळणाचा असल्याने वेळ आणखी वाढतो. हाच सर्व्हर मुंबईत असल्यास अंतर सुमारे एक चतुर्थांशावर येते. नेमबाजीच्या खेळात एवढा फरक हारजीत ठरवू शकतो.

दुसऱ्या कामात वेग आणि डेटा निर्णायक ठरतात. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात किमान २५६ किलोबिट प्रतिसेकंद या वेगाला ब्रॉडबँड संबोधले गेले. दिल्ली आणि मुंबईत एमटीएनएलने, तर अन्यत्र बीएसएनएलने २००५ च्या जानेवारीत ही सेवा सुरू केली. त्या वेगाने ७ गिगाबाइटचा खेळ उतरविण्यास सुमारे ६१ तास, म्हणजे अडीच दिवस लागतात. त्या काळी अनेक योजनांत डेटाला मासिक मर्यादा असे आणि ती ओलांडल्यास अधिक आकार पडे. डिस्क विकत घेणेच सोयीचे होते, यात नवल नाही.

ही किमान मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिटवर, तर २०२३ मध्ये २ मेगाबिटवर नेण्यात आली. मात्र खेळही फुगले. ५० गिगाबाइटचा खेळ २ मेगाबिट वेगाने उतरविण्यास सुमारे ५५ तास लागतात. १०० मेगाबिटची फायबर जोडणी असल्यास हेच काम सव्वा तासाच्या आत होते. महानगरातून लहान गावी बदली झालेल्या कुटुंबाला हा फरक पहिल्याच आठवड्यात जाणवतो.

सर्व्हर बंद झाल्यावर

तिसरे काम, अर्थात परवानगीची तपासणी, सर्वाधिक वादाचे ठरले. मायक्रोसॉफ्टने मे २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन जाहीर केले, तेव्हा यंत्राने दर २४ तासांनी एकदा इंटरनेटशी संपर्क साधणे बंधनकारक राहील, असे सांगण्यात आले होते. वापरलेल्या डिस्कच्या फेरविक्रीवरही बंधने येणार होती. खेळाडूंच्या तीव्र नापसंतीनंतर कंपनीने १९ जून २०१३ रोजी हे दोन्ही निर्णय मागे घेतले.

सर्व्हरवर अवलंबून राहण्याचा धोका २०११ मध्येही दिसून आला होता. त्या वर्षी एप्रिलमध्ये प्लेस्टेशन नेटवर्कवर सायबर हल्ला होऊन सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि ही सेवा तीन आठवड्यांहून अधिक काळ ठप्प राहिली.

काही सेवा कायमच्या बंद झाल्या. पहिल्या एक्सबॉक्ससाठीची ऑनलाइन सेवा १५ एप्रिल २०१० रोजी संपली. ‘हॅलो २’ या खेळाचे मूठभर चाहते त्यानंतरही आपली यंत्रे बंद न करता जोडणी टिकवून बसले होते. त्यांतील शेवटचा खेळाडू मे महिन्यात बाहेर पडला. निन्टेंडोने थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांची ऑनलाइन दुकाने मार्च २०२३ मध्ये आणि एकत्र खेळण्याची सेवा एप्रिल २०२४ मध्ये थांबवली. एक्सबॉक्स ३६० चे ऑनलाइन दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झाले, मात्र आधी विकत घेतलेले खेळ पुन्हा उतरविण्याची मुभा कंपनीने कायम ठेवली. सोनीने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ३ चे दुकान बंद करण्याचा निर्णय जाहीर करून ग्राहकांच्या नाराजीनंतर तो मागे घेतला.

युबीसॉफ्टच्या ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाल्यावर तो खेळ एकट्याने खेळणेही अशक्य झाले. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. युरोपीय संघाकडे तिने केलेल्या मागणीस जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक नागरिकांच्या स्वाक्षऱ्या मिळाल्या. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून नवा कायदा लागू झाला. ग्राहकाला मालकी मिळत नसून केवळ वापराचा परवाना मिळत असेल, तर डिजिटल वस्तू विकताना तसे स्पष्टपणे सांगणे त्यानुसार आवश्यक आहे.

परिस्थिती कितपत पालटली?

अलीकडच्या यंत्रांत जुन्या खेळांची सोय बरीच सुधारली आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आलेल्या प्लेस्टेशन ५ ची अंतर्गत रचना प्लेस्टेशन ४ शी मिळतीजुळती असल्याने आधीच्या यंत्राचे बहुतांश खेळ त्यावर चालतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तयार केलेल्या आणि २०२० मध्ये आलेल्या ‘राजी’ या खेळाच्या वाट्याला म्हणूनच ‘देसी अड्डा’सारखे भवितव्य लगेच आले नाही. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच २ वरही पहिल्या स्विचचे बहुसंख्य खेळ चालतात.

मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये एक्सबॉक्स वनवर एक्सबॉक्स ३६० चे, तर २०१७ मध्ये पहिल्या एक्सबॉक्सचे खेळ आणले. येथे मात्र एक मेख आहे. जुनी डिस्क घातल्यावर यंत्र तिच्यावरून खेळ चालवीत नाही. डिस्क केवळ मालकीचा पुरावा ठरते आणि रूपांतरित खेळ इंटरनेटवरून उतरवावा लागतो. म्हणजे जुना खेळ चालणे हेही अखेर सर्व्हरवर अवलंबून राहते. या यादीत शेवटची मोठी भर नोव्हेंबर २०२१ मध्ये पडली. परवान्यांच्या, कायदेशीर आणि तांत्रिक मर्यादांमुळे यापुढे भर घालणे शक्य नसल्याचे कंपनीने तेव्हा स्पष्ट केले.

दुसरीकडे, डिस्कची खाच नसलेली यंत्रे वाढत आहेत. भारतात प्लेस्टेशन ५ ची किंमत प्रारंभी ४९,९९० रुपये आणि डिस्कविरहित आवृत्तीची ३९,९९० रुपये होती. वरकरणी दहा हजारांची बचत होते. परंतु अशा यंत्रावर जुनी डिस्क चालत नाही, मित्राकडून खेळ उसना घेता येत नाही आणि खेळून झाल्यावर तो पालिका बाजारात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विकताही येत नाही. स्विच २ च्या काही खेळांच्या कार्डांवरही खेळ नसून तो उतरवून घेण्याची केवळ किल्ली असते.

खरेदीपूर्वी

कन्सोलच्या खोक्यावरील किंमत ही यंत्राची असते. जुने खेळ चालण्याची आणि सर्व्हर सुरू राहण्याची हमी त्या किमतीत गृहीत धरता येत नाही. आजवर कंपन्यांनी या दोन्ही सोयी आपल्या सवडीने दिल्या आणि काढूनही घेतल्या आहेत. म्हणून यंत्राला डिस्कची खाच आहे का, घरातील खेळ कंपनीच्या अधिकृत यादीत आहेत का, एकट्याने खेळण्यास इंटरनेट लागते का आणि इतरांसोबत खेळण्यास वेगळी वर्गणी भरावी लागते का, याची विचारपूस आधीच करणे हितावह ठरते. तसेच नवे यंत्र आले म्हणून जुने चालू स्थितीतील यंत्र लगेच मोडीत काढू नये. ज्यांच्या संग्रही ‘हनुमान’ किंवा ‘देसी अड्डा’ची डिस्क आहे, त्यांच्या घरी तो खेळ पुन्हा पडद्यावर आणण्याचे साधन सध्या तेच आहे.