‘जीर्णोद्धार’ आणि लंडनमधील एक घर

‘जीर्णोद्धार’ म्हणजे जे जीर्ण झाले त्याचा उद्धार. उद्धारानंतर वास्तू कोणत्या कामी यावी, हे मात्र हा शब्द सांगत नाही. परदेशात हाच प्रश्न निर्णायक ठरू शकतो. लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेऊन तेथे स्मारक केले. तथापि इंग्लंडच्या नियोजन-कायद्यानुसार इमारतीच्या रूपाप्रमाणेच तिचा वापर बदलण्यासही परवानगी लागते. निवासी जागा कमी होते, या कारणास्तव स्थानिक कॅम्डेन परिषदेने संग्रहालयास नकार दिला. अपिलानंतर २०२० साली अनुमती मिळाली.

नागपूरच्या दीक्षाभूमीवर १९५६ च्या धम्मदीक्षेचे स्मारक म्हणून नवा स्तूप उभा राहिला. लंडनमध्ये जुने घर राखून त्याची केवळ संज्ञा बदलावयाची होती. मराठीत दोन्ही ‘स्मारके’च; परंतु दुसऱ्या ठिकाणी खरी कसोटी भिंतींची नव्हे, ‘घर’ या शब्दाची होती. निवासाच्या हक्कापुढे स्मृतीचा हक्क तेथे सिद्ध करावा लागला.